वजन उचलताना इम्युनिटीचं काय होतं, आणि तिला सांभाळून व्यायाम कसा करायचा

जिम लावल्यापासून सर्दी-खोकला कमी झाला असं सांगणारे जेवढे भेटतात जवळपास तेवढेच जिम लावली आणि पंधरा दिवसांत अंथरूण धरलं असं सांगणारेही भेटतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात. बरेचदा दोघांचा व्यायामही सारखाच असतो, दोन वर्कआउटच्या मधले दिवस तेवढे वेगळे असतात. म्हणून इथे वजनाबद्दल जेवढं लिहिलंय तेवढंच झोप, जेवण आणि ताप याबद्दलही लिहिलंय, ते प्लीज स्किप करू नका, कारण इम्युनिटीचं बरंचसं काम डंबेल खाली ठेवल्यावर सुरू होतं.

आणि हो, "इम्युनिटी बूस्ट" हा शब्द मला पटत नाही. रोगप्रतिकारशक्ती नुसती वाढवत नेली तर ॲलर्जी आणि ऑटोइम्यून आजारांचाच त्रास होईल, तिथे हीच शक्ती नको तिथे आणि नको तेवढी चालते. आपल्याला हवंय ते असं की तिनं वेळेवर जागं व्हावं, नेमकं काम करावं आणि काम झालं की शांत बसावं. स्ट्रेंथ ट्रेनिंगचा खरा उपयोग मला विचाराल तर या शांत बसण्यात आहे, आणि दुसरा म्हणजे आजारपण आलंच तर शरीराकडे खर्चायला काहीतरी शिल्लक असण्यात.

एका सेटमध्ये शरीरात काय चाललेलं असतं

समजा तुम्ही स्क्वॉटचा एक जड सेट मारताय, १० रेप्सचा, म्हणजे न थांबता दहा वेळा खाली बसून वर उठायचं. सातव्या-आठव्या रेपला मांड्या पेटतात, श्वास वाढतो, कानात ठोके ऐकू येतात. त्या वेळी ॲड्रेनलिन वाढलेलं असतं आणि रक्त जोरात वाहत असतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या आणि प्लीहेत वगैरे थांबलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. सगळ्यात जास्त येतात त्या नॅचरल किलर पेशी, व्हायरस शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या, कारण ॲड्रेनलिन पकडणारे रिसेप्टर त्यांच्यावर भरपूर असतात. हे सगळं काही मिनिटांत होतं. मग व्यायाम थांबला की तास-दोन तासांत रक्तातल्या लिम्फोसाइट्सचा (नॅचरल किलर पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशींचा) आकडा खाली येतो, कधीकधी व्यायामाआधी होता त्याच्याही खाली, आणि साधारण एका दिवसात परत मूळ जागेवर येतो.

हा जो मधला खड्डा आहे ना, त्यावरून बरीच वर्षं लोकांना घाबरवलं गेलं. त्याला "ओपन विंडो" म्हणायचे, म्हणजे व्यायामानंतर काही तास खिडकी उघडी आणि जंतू आत. त्याच्या जोडीला मॅरेथॉनचा डेटा दिला जायचा. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधल्या २३११ धावपटूंना डेव्हिड नीमन यांच्या टीमनं विचारलं होतं, तर शर्यतीनंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के लोकांनी सर्दी-घशाचा त्रास सांगितला, आणि तयारी करूनही जे शर्यतीत धावले नाहीत त्यांच्यात हा आकडा २.२ टक्के होता. आकडा मोठा आहे, पण हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, लॅबमध्ये तपासलेलं नाही, आणि मॅरेथॉन म्हणजे नुसतं धावणं थोडीच असतं, त्यात प्रवास, हजारोंची गर्दी, आदल्या रात्रीची अर्धवट झोप, टेन्शन सगळं आलं. पुढे २०१८ मध्ये बाथ युनिव्हर्सिटीतल्या जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी हा सगळा पुरावा परत तपासला आणि मांडलं की रक्तातून कमी झालेल्या पेशी मरत नाहीत, त्या फुप्फुसं, आतडी अशा जिथून जंतू शिरतात त्या ठिकाणी गस्तीला जातात. रक्त तपासलं तर पेशी कमी दिसणारच, चौकीत पोलीस दिसत नाहीत कारण ते रस्त्यावर आहेत. संशोधकांमध्ये यावर अजून वाद आहे, पण वाद मुख्यतः तासन्‌तास चालणाऱ्या व्यायामाचा आहे, तुमच्या ४५ मिनिटांच्या वर्कआउटचा नाही. तेवढ्यानं इम्युनिटी कोसळेल ही भीती मनातून काढून टाका.

स्नायू नुसते उचलायचं काम करत नाहीत

२००० च्या आसपास कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या ग्रुपनं दाखवलं की आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रोटीन रक्तात सोडतो. नंतर अशा स्नायूतून निघणाऱ्या पदार्थांना मायोकाइन हे नाव मिळालं. गंमत अशी की इंटरल्यूकिन-६ एरवी इन्फेक्शनमध्ये वाढतं म्हणून बदनाम आहे, पण तिथे ते टीएनएफसारख्या सूज वाढवणाऱ्या पदार्थांच्या सोबत येतं. स्नायूतून येतं तेव्हा एकटं येतं, आणि मागोमाग सूज शमवणाऱ्या इंटरल्यूकिन-१० ला बोलावतं, टीएनएफला आवरतं. खरं सांगायचं तर वजन उचलण्यात हे लांब पळण्याएवढं वाढत नाही, कारण ते किती स्नायू किती वेळ चालले त्यावर ठरतं. म्हणूनच मी सारखं सांगते की नुसते बायसेप्स मारत बसू नका, पाय, पाठ, कंबर यांचे मोठे स्नायू कामाला लावा.

दुसरीकडे पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी सूज वाढवणारे पदार्थ थेंबाथेंबानं सोडत राहते. ताप नाही, दुखणं नाही, पण आत मंद आच चालू. इम्यून सिस्टिम अशा आचेत अडकलेली राहते. महिनोन्‌महिने ट्रेनिंग केलं, स्नायू वाढले, साखर नीट वापरली जायला लागली, पोट थोडं उतरलं, की ही आच मंदावते, वयस्क आणि जास्त वजनाच्या लोकांमध्ये रक्तातला सीआरपी, म्हणजे अशी सूज मोजायला तपासतात ते प्रोटीन, थोडा खाली आलेलाही दिसतो. थोडा हं. चमत्कार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजारी पडल्यावर शरीराला अँटिबॉडीज बनवायला, नव्या पेशी बनवायला अमिनो ॲसिड्स लागतात आणि त्याच वेळी तोंडाची चव गेलेली असते, जेवण जात नाही. मग शरीर स्नायू मोडून ते मिळवतं. इम्यून पेशींचं एक आवडतं इंधन म्हणजे ग्लुटामिन, त्याचाही मोठा साठा स्नायूतच. म्हणजे स्नायू ही आजारपणातली गंगाजळी आहे. आणि ती किती पटकन आटते बघा: २००७ च्या एका अभ्यासात निरोगी, साधारण साठी-सत्तरीतल्या लोकांना फक्त १० दिवस बेडवर झोपवून ठेवलं, तर दोन्ही पायांचं मिळून जवळपास १ किलो मांस गेलं. कसलाही आजार नसताना. (ग्लुटामिनची पावडर घेऊन सर्दी टळते का, तर ट्रायल्समध्ये तसं दिसलेलं नाही, पैसे वाचवा.)

आईला न्यूमोनिया झाला होता तेव्हा हे मी समोर बघितलंय. दोन आठवडे अंथरुणात, आणि फुप्फुसं बरी झाल्यावर लक्षात आलं की तिला खुर्चीतून हात टेकवल्याशिवाय उठताच येत नाहीये. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरायची, पुढे झुकायची, अर्ध्यात थांबायची आणि परत मागे बसायची. तिचं ट्रेनिंग तिथूनच सुरू केलं, खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवून, म्हणजे उठायचं अंतर कमी, हात छातीवर, उठायचं आणि सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा. झालं. हेच तिचं स्क्वॉट.

सुरुवात कशी करायची

डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाईडलाइन्समध्ये मोठ्यांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मुख्य स्नायूंचा स्ट्रेंथचा व्यायाम सांगितलाय, आणि त्याशिवाय आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालणं-सायकल वगैरे. नवीन असाल तर २ दिवस पकडा, मध्ये किमान एक पूर्ण दिवस गॅप. तीन दिवस जमत असतील तर छान, पण सहा दिवसांचा प्लॅन घेऊन सुरुवात करू नका, विशेषतः तुम्ही वरचेवर आजारी पडणारे असाल तर.

एका दिवसात पाच हालचाली पुरे: एक बसण्या-उठण्याची (स्क्वॉट किंवा खुर्ची), एक कमरेतून वाकून उचलण्याची, एक ढकलण्याची (पुशअप, भिंतीवर हात टेकवून केला तरी चालेल), एक ओढण्याची आणि एक वजन हातात घेऊन चालण्याची. चालण्याची सोडून प्रत्येकीचे ८ ते १२ रेप्स. पहिले दोन आठवडे एकच सेट, नंतर दोन, महिन्यानंतर वाटलं तर तीन. डंबेल नसेल तर पाण्यानं भरलेली बाटली, पुस्तकं भरलेली बॅग, काहीही चालतं, स्नायूला लोखंड आणि पुस्तकं यातला फरक कळत नाही.

आता मेन मुद्दा, कुठे थांबायचं. प्रत्येक सेटमध्ये अजून दोन-तीन रेप्स सहज झाले असते असं वाटतं तिथे थांबायचं. हे ओळखायचं कसं तर रेपचा वेग बघा. पहिला रेप आणि सहावा रेप एकाच वेगात वर येतो, मग एक रेप असा येतो की तुम्ही जोर तेवढाच लावताय पण वजन हळू वर येतंय, दात आवळले जातात, श्वास रोखला जातो. तो हळू झालेला पहिला रेप म्हणजे सिग्नल, तिथे किंवा त्यापुढच्या एका रेपला सेट संपला. सुरुवातीला अंदाज चुकतो, महिन्याभरात बसतो. शेवटच्या श्वासापर्यंत दमून प्रत्येक सेट मारल्यानं फायदा फार वाढत नाही, पण थकवा मात्र खूप वाढतो आणि तो पुढचे दोन-तीन दिवस भरून काढावा लागतो.

वजन कधी वाढवायचं? १२ रेप्स दोन वर्कआउट सलग आरामात झाले की, आणि वाढवायचं तेही अगदी थोडं. वही ठेवा. वहीत वजन-रेप्ससोबत दोन गोष्टी अजून लिहा, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीचे नाडीचे ठोके आणि रात्री किती तास झोपलात. माझे ठोके एरवी ६२-६४ असतात, दोन-तीन दिवस सलग ७० च्या वर दिसले की मी त्या दिवशी अर्धं वजन घेते किंवा नुसती चालून येते. बऱ्याचदा त्यानंतर एक-दोन दिवसांत घसा खवखवायला लागतो. ठोके वाढायला कारणं शंभर असतात, पण सूचना म्हणून फुकटात याहून चांगलं काही नाही.

अंग दुखतंय तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात ना, ते इम्यून सिस्टिमचंच काम चाललेलं असतं. व्यायामानं स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, काही तासांत न्यूट्रोफिल्स नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात, मग मॅक्रोफेजेस नावाच्या दुसऱ्या इम्यून पेशी येतात. मॅक्रोफेजेस आधी मोडतोड साफ करतात आणि दोनेक दिवसांनी त्यांची भूमिका बदलते, ते दुरुस्तीला लागतात, स्नायूच्या मूळ पेशींना जागं करतात. जी सूज आपल्याला नको वाटते तिच्यातूनच नवा स्नायू तयार होतो. म्हणून प्रत्येक वर्कआउटनंतर पेनकिलर घ्यायची सवय लावू नका. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये तरुण मुलामुलींवर ८ आठवड्यांची ट्रायल झाली होती, रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांचा मांडीचा स्नायू कमी डोसचं ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या मानानं साधारण निम्माच वाढला. क्वचित खरंच सहन होत नसेल तेव्हा एखादी गोळी घेणं वेगळं, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलेल्या गोळ्या तर अजिबात स्वतःहून बंद करू नका. स्ट्रेंथ वर्कआउटनंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसण्याबद्दलही हेच, दुखणं कमी होतं पण स्नायूची वाढही कमी होते.

थोडं दुखत असेल तर हलकं चालणं बेस्ट. हात वर करून केस विंचरता येत नाहीत एवढं दुखत असेल तर मागच्या वेळी जास्त झालं, पुढच्या वेळी एक सेट कमी करा. आणि अति व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू खूप सुजले, हातपाय गळून गेले, तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल, स्नायू तुटून त्यातले पदार्थ किडनीत अडकत असतात. पहिल्याच दिवशी मित्रासोबत शर्यत लावून शेकडो स्क्वॉट मारणाऱ्यांमध्ये हे होतं.

झोप आणि जेवण

२०१५ मध्ये एक अभ्यास आला होता, १६४ निरोगी लोकांची झोप आठवडाभर मनगटावरच्या सेन्सरनं मोजली आणि मग त्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले. ६ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता ७ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या मानानं चौपटीहून अधिक निघाली. त्यामुळे रात्री एकला झोपून पहाटे पाचला जिमसाठी उठणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या दिवशी झोपा. वर्कआउट संध्याकाळी करा, उद्या करा.

प्रोटीन साधारण वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम, तीन-चार वेळात वाटून. डाळी-कडधान्यं, दूध, अंडी, मासे, जे खात असाल ते. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. पण प्रोटीनच्या नादात लोक कार्ब्ज आणि एकूण जेवणच कमी करतात, एकीकडे क्रॅश डाएट, दुसरीकडे जड ट्रेनिंग, आणि मग महिन्यातून दोनदा सर्दी. शरीराकडे पैसे कमी असतील तर ते आधी कुठेतरी कपात करणारच. वजन उतरवायचंय तर हळू उतरवा आणि त्या काळात सेट्स वाढवू नका.

जिममधूनच जंतू आणू नका

हे बोलतच नाही कोणी. बंद एसी हॉल, वीस माणसं जोरजोरात श्वास घेतायत, त्यात एक जण खोकतोय. गर्दीची वेळ टाळा, खिडकी असलेली जागा पकडा, बेंचवर स्वतःचा टॉवेल टाका, वर्कआउट संपेपर्यंत हात नाका-डोळ्यांना लावू नका आणि निघताना साबणानं धुवा. घामाचे कपडे लगेच बदला, नाहीतर गजकर्ण होतं. आणि स्वतःला सर्दी असेल तर घरी करा, दुसऱ्याच्या घरी म्हातारी माणसं असू शकतात.

ताप असताना आणि नंतर

नुसतं नाक वाहतंय, शिंका येतायत, बाकी बरं वाटतंय तर हलकं केलं तरी चालतं, दहा मिनिटं करून बघा, जड वाटलं तर सोडून द्या. पण ताप, अंग मोडून येणं, छातीत खोकला, उलट्या-जुलाब यातलं काहीही असेल तर पूर्ण बंद. घाम गाळून ताप जात नाही. व्हायरल इन्फेक्शनमध्ये कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात, आणि तेव्हा जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. बरं झाल्यावरही छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागत असेल तर आधी डॉक्टर. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टेरॉइड किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं घेणारे यांच्यासाठीही व्यायाम बहुतेक वेळा चांगलाच असतो पण कधी आणि किती हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मी एकदा ताप उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेहमीचं वजन घेऊन डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) केले होते, कारण आठ दिवस वाया गेले असं वाटत होतं. संध्याकाळी परत कणकण, आणि मग पुढचे तीन आठवडे जिना चढला तरी बसावंसं वाटायचं. तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे: औषधाशिवाय ताप नसलेले दोन पूर्ण दिवस गेले पाहिजेत, मग पहिला दिवस फक्त चालणं, नंतरचे दोन वर्कआउट निम्मं वजन आणि निम्मे सेट, त्यानंतरचे दोन पाऊणपट, मग नेहमीचं. कुठेही दुसऱ्या दिवशी जास्त थकवा आला की एक पायरी मागे. आठ-दहा दिवसांच्या गॅपमध्ये गेलेली ताकद पटकन परत येते, एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा कमवायला कमी वेळ लागतो.

आईचं पाचचं आठ झालं, आठचं बारा, मग एक उशी काढली तेव्हा परत सहावर आली आणि तिला वाईट वाटलं, पण दोन आठवड्यांत परत बारा. दुसरी उशी निघायला अडीच महिने लागले. पुढच्या वर्षी तिला फ्लू झाला, चार दिवस ताप होता. उठल्यावर मी काही म्हणायच्या आत तिनंच एक उशी आणून खुर्चीवर ठेवली, हात छातीवर घेतले आणि पाचपासून मोजायला लागली.